नाळेच्या वाटा

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा बोनस, वेतनकरार, कंत्राटी कामगार यांपैकी काही आम्ही सांगू अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे युनियनचे काम करणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करील? आम्ही 'डोंगरातील वाटा' असे लिहून पाठविले तेव्हा चालकांचा निरोप आला की, हे रूपक आहे काय? रूपक नव्हे. खरोखरच्या वाटा. अंबरनाथ पश्चिमेच्या रेल्वे पुलावर उभे राहून मलंगगडाकडे तोंड केले असता जी डोंगरांची रांग दिसते, तिच्यात वर चढण्याच्या ज्या वाटा फार थोड्यांस ठाऊक आहेत त्या कशा शोधाव्यात, एवढाच आमचा विषय आहे.

रविवारी डोंगरात जाणारे आम्ही सारे कारखान्यांतले. या रविवाराबद्दल दोन शब्द अगोदर बोलू, मग वाटेला लागू. गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे अर्ज, सभा आणि सह्या यांचा पिच्छा पुरविल्यानंतर. आम्ही पहिल्या कर्जत लोकलने निघतो तेव्हा त्या सुटीवरच निघतो. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. नकाशा वाचणे आम्ही चाळिशीजवळ आल्यावर शिकलो, तेही वेतनकराराचे तक्ते वाचण्याची सवय होती म्हणून. आकड्यांच्या रांगेत काय लपविले आहे ते पाहण्याची ती सवय नकाशालाही लागू पडते, हे पुढे येईलच.

प्रथम डोंगर कशाचा आहे ते पाहू. वाळवंटी प्रदेशांत, जसे जॉर्डनमधील वादी रम किंवा अमेरिकेतील यूटा, तेथे वालुकाश्म आहे. पाण्याने आणि वाऱ्याने तो कापला जाऊन अरुंद घळी तयार झाल्या आहेत, इतक्या की काही ठिकाणी दोन्ही हात दोन्ही भिंतींना लागतात. आमचा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक थर साचले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र व ठिसूळ, आणि मधून मधून लाल मातीसारखा पट्टा. घट्ट थराचा कडा होतो. ठिसूळ थर झिजून त्याचा उताराचा पट्टा होतो. त्यालाच आपण पदर म्हणतो. कडा, पदर, कडा, पदर असा हा जिना आहे, मात्र त्याची एकेक पायरी दोनतीनशे फुटांची. आता हा जिना माणसाने चढावा कसा? जेथे खडकाला उभी भेग होती तेथे पावसाच्या पाण्याने ती रुंद केली, कडा वरपासून खालपर्यंत चिरला आणि त्या चिरेत दगडधोंड्यांचा खच पडला. ही नाळ. सह्याद्रीत वाळवंटातल्यासारखी अरुंद घळही नाही असे नाही. भंडारदऱ्याच्या बाजूस साम्रद गावाजवळची सांदण दरी पाहिली म्हणजे आकाशाची चिंधी वर आणि दोन्ही बाजूंना शेकडो फूट काळा कातळ, हा अनुभव मिळतो. परंतु सांदण आज सर्वांस ठाऊक झाली आहे. सुटीच्या दिवशी तेथे रांग लागते. आमचा विषय रांग न लागणाऱ्या वाटांचा.

खडकातला फरक पायाखाली येतो म्हणून तो लक्षात ठेवावा. वालुकाश्म भिजला की कमजोर होतो. पाऊस होऊन गेल्यावर एकदोन दिवस त्याच्यावर भार टाकू नये असे तेथले जाणते सांगतात. आमचा कातळ भिजल्याने तसा कमजोर होत नाही, पण त्यावर शेवाळ धरते आणि मग बूट काय, अनवाणी पायही टिकत नाही. उलट उन्हाळ्यात कातळ उत्तम, पण पदरावरचे वाळलेले गवत तेल लावल्यासारखे निसरते. आमच्या अनुभवात कातळापेक्षा या गवतानेच माणसे अधिक घसरली आहेत.

आता शोधाची रीत. पहिले काम जुलै महिन्यात, आणि तेही घरबसल्या. पाऊस चार दिवस लागून राहिल्यावर मध्येच एखादी सकाळ उघडते. त्या सकाळी गच्चीवर जावे. मलंगगड, तावली, चंदेरीचा सुळका आणि त्याही पलीकडे माथेरानचा सपाट माथा असा सारा देखावा धुऊन काढल्यासारखा समोर असतो आणि त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. त्या मोजाव्यात. एका वहीत रांगेची आकृती काढून प्रत्येक रेघ तीत मांडावी. जी रेघ माथ्यापासून पायथ्यापर्यंत तुकडे न पडता तिरपी उतरते तेथे नाळ असण्याचा संभव मोठा. जी रेघ मध्येच सरळ लोंबते तेथे कडा आहे. जुलैत मोजावे आणि जानेवारीत चढावे. जुलैत चढण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या दिवसांत नाळ ही वाट नसून नदी असते. आकाश निरभ्र आहे एवढ्यावर तर मुळीच विसंबू नये. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील अँटेलोप घळीत अकरा माणसे लोंढ्याने नेली. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हे, कित्येक मैल दूर पडला होता. ऑक्टोबरातल्या गडगडाटी सरी आमच्याकडे हेच करू शकतात.

दुसरे काम नकाशाचे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारात एक या प्रमाणाचे नकाशे आता मिळू शकतात. त्यांत समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. रेषा दाट असतील तेथे चढ उभा, विरळ असतील तेथे पदर, आणि रेषांचा आकार माथ्याकडे टोक करून आत वळला असेल तेथे नाळ. इतके कोणीही दोन रविवारांत शिकतो. परंतु तक्त्यात काय लपले आहे? दोन रेषांमध्ये वीस मीटर आहेत. म्हणजे पंधरा मीटरचा, पन्नास फुटांचा, सरळ तुटलेला कातळ दोन रेषांच्या मध्ये निवांत बसू शकतो आणि नकाशा त्याविषयी एक अक्षर काढीत नाही. उपग्रहाच्या चित्रांतही तो सापडत नाही, कारण नाळेच्या तळाशी बहुधा सावली असते. सबब नकाशा 'येथे वाट नाही' हे पुष्कळदा खात्रीने सांगतो. 'येथे वाट आहे' हे मात्र तो कधीच सांगू शकत नाही. हा भेद न कळल्याची किंमत आम्ही मोजली आहे.

ती हकीकत अशी. पंधरासोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. माथेरानच्या रांगेतील एक नाळ (तिचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण पुढे सांगू) आम्ही नकाशावर हेरली. डिसेंबरचा महिना, पाचजण, शंभर फुटांचा एक दोर. वरून खाली उतरावयाचे ठरविले. उतरणे सोपे, असा नवशिक्याचा हिशेब. तासभर धोंड्यांवरून उतरल्यावर आठ-नऊ फुटांची एक कातळाची पायरी आली. खाली मऊ माती दिसत होती. एकाने उडी टाकली, मग सर्वांनी टाकली. पुढे वीस पावलांवर नाळ संपली. म्हणजे ती पुढे होती, पण साठसत्तर फूट खाली. काठावर दोर बांधण्यास झाड नाही, खडकास चीर नाही, आणि दुहेरी केलेला दोर पन्नास फुटांवर संपणारा. मागे वळून पाहिले तर जी पायरी आम्ही उडी मारून ओलांडली होती ती खालून पाहता पोट पुढे काढून उभी. वर हात ठेवण्यास जागा नाही. दुपारचे तीन वाजले होते.

एकाच्या खांद्यावर दुसरा उभा करून तिसऱ्यास वर काढले. या खटपटीत मधला घसरला आणि त्याचे मनगट मोडले. तो आमच्याच खात्यातला टर्नर, उजव्या हाताचा. त्याच्या हाताला बांबूची पट्टी बांधून, रात्री नऊच्या सुमारास एका ठाकरवाडीत आम्ही पोचलो. नंतर सहा आठवडे तो कामावर जाऊ शकला नाही. डोंगरात मोडलेला हात कामावरचा अपघात धरला जात नाही. त्याची भरपाई कोणत्या कायद्यात बसेल? आम्ही चौघांनी वर्गणी करून त्याचे घर चालविले. दुसऱ्यांना सुरक्षिततेची कलमे शिकविणारा मनुष्य आपल्या रविवारी ती विसरला, हे त्याच्या बायकोने आम्हांस ऐकविले नाही, पण चहा देताना तिने आमच्याकडे पाहिलेही नाही.

त्या वाडीतल्या म्हाताऱ्याने त्या रात्री आमची सारी हकीकत ऐकून घेतली आणि एकच विचारले, "कोणाला इचारलं होतं का?" आम्ही म्हटले, बाबा, नकाशात नाळ होती. तो हसला नाही. म्हणाला, "नाळ पाण्याची. पाणी उडी मारतं. माणूस नाय मारत."

पुढे फेब्रुवारीत त्याने स्वतः आम्हांस नेले, आणि जे आम्हांस दहा पुस्तके वाचून कळले नसते ते त्याने अर्ध्या दिवसात दाखविले. माणसाची वाट नाळेतून जाते, पण सर्वस्वी नाळेतून जात नाही. जेथे कातळ तुटणार त्याच्या आधी ती नाळ सोडते, बाजूच्या पदरावर आडवी चालत जाते, एखादी सोंड ओलांडते आणि कड्याच्या खालच्या अंगाने पुन्हा नाळेत येते. आम्ही ज्या ठिकाणी उडी मारली त्याच्या जेमतेम तीस पावले वर डाव्या हाताला कारवीत शिरणारी फट होती. तिच्या तोंडाशी दगडावर दगड ठेवलेला होता. डिसेंबरात आम्ही पाचही जण त्या दगडाशेजारी बसून गुळपोळी खाल्ली होती.

तेव्हापासून आम्ही नाळ शोधीत नाही. वाट नाळ कोठे सोडते आणि परत कोठे धरते ती दोन ठिकाणे शोधतो. खुणा पुष्कळ असतात, पाहणारा हवा. कातळात पाऊल बसेल एवढी कोरलेली खोबणी; झाडाच्या बुंध्यावर कोयत्याचे जुने, भरून आलेले घाव; वाळलेले शेण; एखाद्या कपारीत शेंदराचा दगड. शेण असेल तर फारच उत्तम, कारण जेथे गुरे चढतात तेथे मनुष्य अडत नाही. देवाचा दगड बहुधा अशा जागी असतो की जेथून पुढे अवघड आहे किंवा जेथे अवघड संपले आहे. येणारा-जाणारा तेथे थांबणारच. नाणेघाट हे या साऱ्याचे मोठे रूप समजावे. आमच्या शेजारच्या कल्याण बंदरातून जुन्नरकडे माल जाई तो याच नाळेसारख्या फटीतून, आणि तिच्या माथ्यावर सातवाहनांची लेणी, नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण दोन हजार वर्षे उभा आहे. तेथे राणीचा लेख आहे. आमच्या नाळेत दगडावर दगड आहे. काम दोहोंचे एकच.

नावांचाही उपयोग होतो. निसणी म्हणजे शिडी. या नावाची जागा आली की तेथे पूर्वी लाकूड किंवा बांबू लावून कातळ चढत असत, आणि आज ते लाकूड नसेल तर वाट अडलेली असेल, हे समजून दोर घ्यावा. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीचे नाव शिडी घाट आणि दुसरीचे गणेश घाट. कोणती सोपी ते नावातच आहे. बैल घाट असेल तर प्रश्नच मिटला. तिकडे रायगडाच्या मुलुखात बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ, आग्या नाळ अशी नावे आहेत. आग्या हा शब्द कानी पडला की आम्ही प्रथम मोहोळाची चौकशी करतो. आग्या माश्या उठल्या तर दोर, नकाशा, अनुभव सारे व्यर्थ आहे. नाळेत पळण्यास जागा नसते. सबब तेथे धूर नको, अत्तर नको आणि आरडाओरडा तर नकोच.

आणि शेवटी विचारणे, जे आम्ही पहिल्यांदा करावयास हवे होते. विचारण्याचीही एक रीत आहे, आणि ती आम्हांस कारखान्याच्या दरवाजावर अगोदरच ठाऊक होती. 'तुमची काही तक्रार आहे काय?' असे कामगाराला विचारले तर तो नाही म्हणतो. 'काल पाळी किती वाजता सुटली?' असे विचारावे लागते. तसेच वाडीत 'येथून वर वाट आहे का?' असे विचारू नये. पाहुण्याला नाही म्हणणे बरे दिसत नाही म्हणून 'आहे की' असे उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे, तुमची सोयरीक घाटावरच्या कोणत्या गावात आहे? सून वरच्या गावची असेल तर ती माहेरी कशी जाते? ज्या दोन गावांत मुली दिल्या-घेतल्या जातात त्यांच्यामध्ये वाट असतेच, आणि डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल घेऊन जाता येईल अशी असते. त्यानंतर विचारावे, गुरे जातात का? नसतील तर ओझे घेऊन माणूस जातो का? तेही नसेल तर मध काढणारा एकटा जातो का? या तीन प्रश्नांत वाटेची प्रत ठरते. गिर्यारोहणाच्या पुस्तकांत कठीणपणाचे आकडे दिलेले असतात. आम्ही आमच्या वहीत 'गुरांची', 'ओझ्याची', 'मधवाल्याची' असे तीन शब्द लिहितो आणि मधवाल्याच्या वाटेस नवे माणूस नेत नाही. 'पूर्वी जात होते' असे उत्तर आले तर पूर्वी म्हणजे केव्हा, हे विचारल्याशिवाय उठू नये. दरड कोसळलेली वाट लोकांच्या बोलण्यात पुष्कळ वर्षे जिवंत राहते.

येथे 'शोध' या शब्दाविषयी आमचे भांडण आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौकहून चढून गेले आणि त्यांनी माथेरान शोधले असे पुस्तकात असते. ते चढले ती डोंगरी लोकांची पायवाट होती. वर धनगर, ठाकर, कातकरी यांचा वावर होता. बोरघाटात खोपोलीच्या वर शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबांच्या इंजिनियरांना घाट उतरविण्याची वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने दाखविली आणि मग त्याला गोळी घातली, अशी कथा तेथे सांगतात. कथा कागदावर सिद्ध करता येईल की नाही हा भाग वेगळा, पण घाटातून जाणारे मोटारवाले आजही तेथे नाणे टाकतात. १८६३ साली याच घाटातून आगगाडी सुरू झाली. ती बांधताना हजारो मजूर रोगराईने व अपघाताने मेले, त्यांची नावे कोणत्या फलकावर आहेत? वादी रममध्ये मात्र थोडे बरे घडले. १९८४ साली इंग्लंडहून टोनी हॉवर्ड व त्यांचे सोबती तेथे गेले. जेबेल रमच्या भिंतींवरून बदावी शिकारी पिढ्यान्‌पिढ्या चढत आले आहेत हे त्यांस कळले आणि त्यांच्या पुस्तकात त्या वाटा बदावींच्या वाटा म्हणूनच छापल्या गेल्या. एवढे करावयास काही फार लागत नाही.

आमच्या गटाचा नियम म्हणून असा आहे की वाटाड्याला कारखान्यातील कुशल कामगाराच्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे द्यावयाचे, अगोदर ठरवून, आणि परतल्यावर दरडोई वर्गणी मोजून. 'खुशी' हा शब्द आम्ही वापरीत नाही. नव्या मुलांपैकी काहींना हे जास्त वाटते. त्यांना आम्ही टर्नरच्या मनगटाची गोष्ट सांगतो.

नाळेत वागण्याचे जे नियम आम्ही ठरविले आहेत ते थोडेच. जेथून परत चढता येणार नाही तेथे उडी मारावयाची नाही. जेथून उतरता येणार नाही तेथे चढावयाचे नाही. नवी नाळ प्रथम खालून वर जावयाची, कारण चढताना माणूस जेथे अडतो तेथून तो बहुधा परत येऊ शकतो. नाळेत सर्वांनी एकाच रेषेत एकामागे एक चालू नये; वरच्याच्या पायाने सुटलेला धोंडा खालच्याच्या डोक्यावर येतो, म्हणून डोक्यावर शिरस्त्राण हवे आणि अवघड टप्प्यावर वरचा पूर्ण पार होईपर्यंत खालच्याने आडोशाला थांबावे. दुपारी एकपर्यंत माथा दिसला नाही तर परत. यात तडजोड नाही. वाटाघाटी मालकाशी होतात, सूर्याशी होत नाहीत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट पुष्कळांनी ऐकली असेल. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून १४२४ मीटर उंचीच्या त्या गडावर नेणारी ती वाट आज प्रसिद्ध आहे, तरीही तिच्यातील कातळाच्या टप्प्यांवर दरवर्षी कोणी ना कोणी अंधारात अडकतेच, आणि त्याचे कारण विचारले तर उशिरा निघणे हेच बहुधा निघते. अनुभव असला म्हणजे धोका टळतो असेही समजू नये. सह्याद्रीत आयुष्य घालविलेले अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये याच कोकणकड्यावर गेले. ती बातमी आली त्या रविवारी आम्ही वाटेत होतो. वांगणीला उतरलो आणि पुढची गाडी पकडून घरी आलो.

आता त्या नाळेचे नाव का देत नाही ते. म्हाताऱ्याने वाट दाखविली त्या दिवशी परतताना पदरावरच्या एका झऱ्याशी तो बसला. मार्चनंतर वाडीला पिण्याचे पाणी येथूनच. तो म्हणाला, "दादा, तुमी या. तुमच्याबरुबर दोन आणा. पन कागदावर टाकू नका." आम्ही विचारले, का? त्याने हाताने माथेरानच्या बाजूस दाखविले. बाटल्या, पिशव्या आणि शनिवार-रविवारची गर्दी त्याने पाहिलेली होती. आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले की ज्ञान लपविणे हे कामगार चळवळीच्या माणसाला शोभत नाही. मालक हिशेबाच्या वह्या लपवितो म्हणून आपण भांडतो, आणि आपणच वाट लपवावी? हा वाद आमच्या गटात दोन वर्षे चालला आणि अजून मिटलेला नाही. आमचे स्वतःचे मत असे झाले आहे की, शोधण्याची रीत सर्वांची आहे, ती आम्ही येथे हातचे न राखता सांगितली; पण झरा वाडीचा आहे, आणि त्याचा पत्ता द्यावयाचा की नाही हे वाडीने ठरवावे. ज्याला ती रीत येईल तो वाडीत जाऊन विचारीलच, आणि विचारणाऱ्याला वाडी नाही म्हणत नाही.

म्हातारा चार वर्षांपूर्वी गेला. त्याचा नातू बदलापूरला एका कारखान्यात कंत्राटावर आहे आणि आजोबाच्या वाटांपैकी त्याला तीनच ठाऊक आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मिळून चौथी शोधावयास गेलो. सोडण्याची जागा सापडली, दगडावर दगड तसाच होता. परत धरण्याची जागा सापडली नाही. एक वाजला म्हणून वळलो. येत्या जुलैत एखादी उघडी सकाळ मिळाली तर त्या कड्यावरचे पाणी नेमके कोठे लोंबते ते वांगणी स्टेशनच्या पुलावरून पाहून ठेवण्याचे आमचे ठरले आहे.